चांदीपुऱ्याची माशी

१९६५ साली नागपूर भागात तापाची साथ आली. रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना नवा विषाणू सापडला आणि त्याला चांदीपुरा हे नाव मिळालं. तो पसरवते वाळूमाशी: डासाहून लहान, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी. २००३ साली आंध्र प्रदेशात या तापाने शेकडो मुलांना गाठलं; त्यांतली निम्म्याहून अधिक दगावली. २०२४मध्ये तो गुजरातेत पुन्हा आला.

डासांविषयी आपण पुष्कळ वाचतो, वाळूमाशीविषयी जवळजवळ नाहीच. हे आम्हाला खटकतं.

म्हणून हा अंक रोगवाहक कीटकांच्या संशोधनाला दिला आहे. गोचीड खरं तर कीटक नव्हे, कोळ्यांच्या वर्गातली. तरीही तिला जागा दिली. १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप तीच पसरवते. तो आता गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गात, काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचला आहे. प्रयोगशाळेइतकंच आम्ही इथे गोठा, बाग आणि भिंत यांकडे पाहिलं आहे, कारण संसर्ग तिथेच होतो.

तुमच्या गावात फवारणी कधी होते, गोचिडींपासून बचाव कसा करतात, तापाचं निदान किती दिवसांत होतं? आम्हाला जरूर लिहून कळवा.