घरचें वाहन : कंपाचें मूळ कोठें?

जुनी अँबॅसडर हौसेनें सांभाळणाऱ्या घरांतून एक गाऱ्हाणें आमच्या कानीं वारंवार येतें. ताशीं 60 किलोमीटरांपुढें गाडी थरथरते. चाकें तोलून घेतलीं, टायर बदलले, पण गुण नाहीं. आतां ती विकून टाकावी काय? या गाडीचें उत्पादन 2014 सालीं थांबलें. मोडींत गेलेली गाडी परत यावयाची नाहीं. म्हणून तो निर्णय घेण्यापूर्वीं तिच्या पोटाखालीं एकदां पाहावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.

या गाडीचें इंजिन पुढें आणि चालना मागच्या चाकांना. मधलें अंतर प्रॉपेलर शाफ्ट नांवाचा पोकळ पोलादी दांडा सांधतो. खाचखळग्यांत मागचा आंस वरखालीं होतो, गिअरपेटी मात्र जागच्या जागीं राहते. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांस युनिव्हर्सल जॉइंट असतात. मिस्त्री ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो त्यांतलाच, बेरजेच्या चिन्हासारखा तुकडा. त्याच्या चार टोकांवर वाट्या, आणि वाट्यांत सुयांसारखे बारीक रूळ. वंगण आटलें कीं हे रूळ क्रॉसवर चरे पाडतात आणि सांधा ढिला होतो. चाकाचा घेर सुमारें 2 मीटर धरला, तर ताशीं 60 किलोमीटर वेगास चाक मिनिटाला 500 फेरे घेतें. दांडा त्याच्या चौपटीहून अधिक, म्हणजे 2000 वर. इतक्या वेगांत तोल रेसभर ढळला तरी तो बसणाऱ्यास कळावयाचाच!

परीक्षा सोपी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर थरथर सुटेल त्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्यें सोडावी. इंजिन मंदावूनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन निर्दोष. मग चाक कीं दांडा? चाकाचा हेलकावा संथ, बहुधा स्टिअरिंगवर जाणवणारा. दांड्याचा कंप बारीक, घुमणारा, आसनाखालून येणारा. क्लच सोडतांच खालून ‘खट्’ असें वाजत असेल, तर संशय बळावतो. परंतु त्यांत डिफरन्शियलच्या दातांचाही वांटा असूं शकतो. केवळ कानांवर निकाल देऊं नये. इंजिन बंद करून, चाकांस दगड लावून, सांध्याच्या दोन्ही बाजू दोन हातांनीं उलटसुलट पिळाव्या. सबंध दांडा किंचित् फिरला तर तो दातांमधला मोकळेपणा. सांध्याच्या दोन बाजू केसभरही वेगळ्या हलल्या, तर क्रॉस गेला. वाटीभोंवतीं तांबूस भुकटी दिसली तरी तेंच समजावें. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं मात्र कोणींही शिरूं नये.

नवा क्रॉस घालूनही थरथर गेली नाहीं, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. कोन करून फिरणारा एक सांधा दर फेऱ्यांत दोनदां दांड्यास घाई करवितो व दोनदां रेंगाळवितो. ही खोड दुसरा सांधा निस्तरतो, पण दांड्यावरच्या दोन्ही बेचक्या एका रेषेंत असतील तरच. सरकत्या जोडाचा एक दांता चुकला कीं नवा मालही थरथरतो. म्हणून दांडा उतरविण्यापूर्वीं फ्लँजवर व जोडावर खुणा करण्यास मिस्त्रीस सांगावें, आणि तें काम समक्ष उभें राहून करून घ्यावें. गिअरपेटीखालचें रबर खचलें असल्यास तेंही त्याच वेळीं बदलावें, कारण त्यानें कोन बिघडतो.

क्रॉस ढिला असल्याची खात्री पटली, तर दुरुस्ती होईतों मुलांबाळांना घेऊन घाट चढूं नये. पुढचा सांधा धांवत्या गाडींत तुटला, तर दांड्याचें टोक रस्त्यावर आपटतें.