जुना मोबाइल द्या, टब घ्या : हा सौदा महागात पडू शकतो

नागपूर : केसांवर भांडी, जुन्या साड्यांवर गंज-परात देणारे फेरीवाले आपल्या गावांना नवे नाहीत. पण कुणी दारात येऊन 'बंद पडलेला मोबाइल आहे का?' असं विचारलं, तर जरा थांबा. टब पाहून लगेच आलमारीतला फोन काढून देऊ नका.

ऑगस्ट 2024 मध्ये तेलंगणातल्या रामागुंडम पोलिसांनी गोदावरीखनीत बिहारच्या तिघांना पकडलं. त्यांच्याकडे पोत्यांमध्ये भरलेले सुमारे 4 हजार जुने मोबाइल सापडले. गोदावरीखनी काही दूरचा मुलूख नाही, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेपलीकडचाच भाग आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, हे लोक गावोगाव फिरून थोडे पैसे किंवा प्लास्टिकच्या वस्तू देऊन जुने फोन घ्यायचे आणि झारखंडच्या जामताडा, देवघर भागातल्या सायबर ठगांपर्यंत पोहोचवायचे. तिथं ते दुरुस्त करून फसवणुकीसाठी वापरले जाणार होते.

फुटक्या फोनची ठगाला गरज काय? स्क्रीन फुटली की फोन मेला, असं आपण समजतो. आतला बोर्ड मात्र बहुतेक वेळा चांगला असतो आणि त्याच्यासोबत फोनचा 15 अंकी आयएमईआय नंबरही जिवंत असतो. फसवणूक झाली की पोलीस याच नंबरचा माग काढतात. बिल तुमच्या नावाचं, त्यात शेवटी चाललेलं सिमही तुमचंच. म्हणजे चौकशीचा धागा तुमच्यापर्यंत येऊ शकतो. गुन्हा तुमच्यावर लागेलच असं नाही. पण ऐन पेरणीत परराज्यातल्या ठाण्याचा फोन आला तर तो टब केवढ्याला पडला, याचा हिशेब करा. फोटो, आधारची कागदं, बँकेचे मेसेज फोनमध्ये राहिले असतील तर तो धोका वेगळाच.

मग जुना फोन द्यायचा कुठं? खरी गोम इथं आहे. ई-कचरा नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांनी फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली. 2025-26 साठी हे टार्गेट 70 टक्के ठरवलं होतं. पण कंपनीला ते नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन पूर्ण करता येतं. त्यासाठी कुही किंवा पारशिवनीच्या घरातला फोन लागतोच असं नाही. 2024 मध्ये सरकारनं स्मार्टफोनसाठी रिसायकलरला किलोमागे किमान 34 रुपये द्यावेत असं ठरवलं. एका किलोत पाच-सहा फोन बसतात, म्हणजे एका फोनमागे जेमतेम सहा-सात रुपये. एवढ्यासाठी नागपूरहून नरखेडला गाडी कोण पाठवणार? म्हणून गावात उरतो तो कबाडी आणि फेरीवाला. त्यात त्या गरीब कबाड्याचा दोष नाही, माल पुढं कुणाकडं जातो हे त्यालाही ठाऊक नसतं. जगाचीही गत फार वेगळी नाही. 2022 मध्ये जगभरात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला फक्त 22.3 टक्के रीतसर रिसायकल झाल्याची नोंद आहे.

कंपन्या येत नसतील तर ग्रामपंचायतीनं कार्यालयात एक कुलूपबंद पेटी ठेवावी आणि वर्षातून एकदा तो माल नोंदणीकृत रिसायकलरला पावती घेऊन द्यावा. कचऱ्याची घंटागाडी चालते, तर हे अशक्य नाही. तोवर नागपूरला कामानिमित्त जाल तेव्हा फोनच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला 'जुना फोन घेता का?' असं नक्की विचारा आणि दिला तर पावती मागा. बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू नका, चार्जिंगला लावू नका आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका, आग लागते.

फोन चालू असेल तर तो दान करणं सगळ्यात चांगलं. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा घरात एक फोन आणि शिकणारी दोन-तीन पोरं, ही परिस्थिती आपण पाहिली आहेच. पण ओळखीच्याच माणसाला द्या. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा. फोनमधलं गुगल अकाउंट आधी काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. हा क्रम चुकला तर फोन रीसेटनंतर तुमचा जुना पासवर्ड मागत बसू शकतो आणि मग घेणाऱ्याच्या काही कामाचा राहत नाही. *#06# दाबून आयएमईआय वहीत लिहा, कुणाला कधी दिला तेही लिहा. जुना बटनाचा फोन आजोबांना द्यायचा तर त्यांचं सिम पाहा, 2जी फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही.

तुम्हीच जुना फोन विकत घेत असाल तर केवायएम लिहून एक जागा सोडा, पुढं आयएमईआय टाका आणि 14422 वर एसएमएस करा. हॅण्डसेट ब्लॅकलिस्ट आहे का ते कळतं.

आणि फोन आधीच फेरीवाल्याला देऊन बसला असाल तर आजच गुगलचा पासवर्ड बदला, अकाउंटच्या यादीतून जुना फोन काढा आणि यूपीआय पिनही बदला. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते 'संचार साथी'वर पाहता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच तक्रार करा. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता 1930 लावा.