शिक्षकांच्या हातून निसटणारा वेळ

दरवर्षी ५ सप्टेंबरच्या सुमारास आपल्या धर्मग्रामांतून शिक्षकांचा सत्कार केला जातो. मिस्सानंतर गौरवाचे चार शब्द बोलले जातात, हाती गुलाबाचे फूल दिले जाते आणि तो विषय पुढील वर्षापर्यंत मिटतो. शिक्षकांना काय सांगायचे आहे, हे ऐकून घेण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येतो. अलीकडे वसई परिसरातील मराठी शाळांत शिकवणाऱ्या काही शिक्षक-शिक्षिकांशी आम्हाला निवांत बोलता आले. पगार आणि मुलांचा द्वाडपणा यांविषयीची गाऱ्हाणी ऐकावी लागतील, अशी आमची समजूत होती. बहुतेकांनी सांगितले ते एवढेच, की मुलांसाठी वेळ उरत नाही.

पाचवीला शिकवणाऱ्या एका बाईंनी आपल्या दिवसाचे वर्णन केले. हजेरी घेऊन होते न होते तोच पोषण आहाराची नोंद करायची असते. मग दुपारपर्यंत अमुक माहिती ऑनलाइन भरा, असा निरोप येतो. एखाद्या मुलाचे आधार कार्डावरील नाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही, म्हणून पालकांना फोन करावा लागतो. त्यांच्या वर्गातील चार मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही. ती मुले कोणती आणि त्यांचे कोठे अडते, हे बाईंना नेमके ठाऊक आहे. रोज अर्धा तास त्यांना जवळ घेऊन बसले तर महिनाभरात ती मार्गी लागतील, असा त्यांचा विश्वास आहे. तो अर्धा तासच त्यांना मिळत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाच्या वेळेचा विचार केलेला आहे. पूर्वतयारी धरून शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे, असे त्याच्या परिशिष्टात नमूद आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकांना जुंपू नये, असे कलम २७ सांगते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या. पाठोपाठ २०२७ ची जनगणना आली. ही राष्ट्रीय कर्तव्ये टाळावीत, असे आमच्याशी बोललेल्या एकाही शिक्षकाने म्हटले नाही. अडचण आहे ती रोजच्या नोंदी, अहवाल आणि छायाचित्रे पाठवण्याची. ही कामे शाळेचीच समजली जात असल्याने ती अशैक्षणिक ठरत नाहीत आणि त्यांत गेलेले तास कोणीही मोजत नाही.

त्यात आता परीक्षेची भर पडली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदाच लागू नसल्याचे ठरवले होते. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून तो प्रश्न याच वेळी मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला. त्यामुळे आपल्या संस्थांतील शिक्षकही धास्तावले. मुलांना पात्र शिक्षक मिळावा, हा आग्रह योग्यच आहे. तथापि, वीस वर्षे शिकवलेल्या गृहस्थांना रात्री जागून बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवावे लागतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी मागे पडते, हेही नाकारता येत नाही.

सुटीही त्यांची राहिलेली नाही. मराठी शाळांची पटसंख्या घटत आहे आणि शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. आपण ‘अतिरिक्त’ ठरू या भीतीने अनेक शिक्षक मे महिन्यात दारोदार फिरून पालकांना विनवतात. आपल्यापैकी किती जणांनी त्यांना दारातूनच परत पाठवले असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. पहाटेची लोकल पकडून रात्री घरी परतणाऱ्या पालकांची ओढाताण आम्ही जाणतो. परंतु पालकसभेला रिकामी बाके आणि रात्री दहा वाजता शिक्षकांच्या मोबाईलवर गुणांबद्दल जाब विचारणारे संदेश, ही विसंगती शिक्षकांना बोचते. पालकांशी नियमित भेटीगाठी ठेवणे हे कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालकांवर या कायद्यात तसे बंधन नाही. ते त्यांनी स्वतःहून स्वीकारायला हवे.

दोष केवळ सरकारचा आणि पालकांचा आहे, असे म्हणून आम्हा धर्मगुरूंना सुटता येणार नाही. सणाची मिरवणूक, पाहुण्यांचे स्वागत, स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करणे, अशा किती कामांसाठी आपल्याच शाळांतील शिक्षकांना आपण हक्काने बोलावतो! व्यवस्थापनाला नाही म्हणणे त्यांना जड जाते, हे ठाऊक असूनही आपण बोलावतो.

शासनाचे धोरण बदलण्यास वेळ लागेल. काही गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, संगणक हाताळणारे पदवीधर तरुण आहेत. निवृत्त शिक्षकांनी मागे पडलेल्या मुलांना घेऊन आठवड्यातून दोन दिवस बसावे. मुलांची खाजगी माहिती शाळेतच ठेवून, मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली, तरुणांनी कार्यालयीन नोंदींना हातभार लावावा. पालकसभा कामाच्या दिवशी न घेता रविवारच्या मिस्सानंतर घेतली, तर वडीलही येऊ शकतील. मात्र त्या रविवारच्या बदल्यात शिक्षकांना हक्काची सुटी द्यावी. आणि शाळेबाहेरच्या कार्यक्रमांना शिक्षकांना बोलावण्यापूर्वी व्यवस्थापकांनी त्या दिवसाचा वर्ग कोण घेणार, हे आधी विचारावे.

येत्या ५ सप्टेंबरला गुलाबाचे फूल अवश्य द्यावे. त्याबरोबर पाचवीच्या त्या चार मुलांसाठी बाईंना रोजचा अर्धा तास मिळवून देता आला, तर तो सत्कार त्यांना अधिक भावेल.