राज्यसभेचा खासदार राज्यातलाच हवा

1952 साली मुंबई राज्याच्या आमदारांनी नव्या राज्यसभेवर 17 जण पाठवले. हुबळी-धारवाड तेव्हा मुंबई राज्यातच होते. निवडून गेलेल्यांत डॉ. ना. सु. हर्डीकर होते: जन्म धारवाडचा, अमेरिकेत उच्च शिक्षण, लाला लजपतराय यांच्याबरोबर तिथे होमरूलचे काम, आणि परतल्यावर हुबळीतून हिंदुस्थानी सेवा दल या स्वयंसेवक संघटनेची बांधणी. त्याच यादीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. काही महिन्यांपूर्वीच मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांना लोकसभेला हरवले होते.

राज्यसभेची निवडणूक थेट जनतेतून व्हावी, असे म्हणणारे ही जुनी पद्धत मोडीत काढा म्हणतात. त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. अमेरिकेत 1913 पर्यंत सिनेटर विधिमंडळेच निवडत. लाचखोरी आणि रिकाम्या राहणाऱ्या जागा यांना कंटाळून तिथे घटनादुरुस्ती झाली. आपल्याकडेही मतदानाआधी आमदारांना रिसॉर्टवर नेऊन ठेवतात, हे सर्वांना दिसते.

पण थेट निवडणुकीत अख्खे राज्य हाच मतदारसंघ. कर्नाटकात बेळगावपासून चामराजनगरपर्यंत प्रचार करायला पैसा कोणाकडे असेल? आणि बेंगळुरूच्या मतांपुढे हुबळीचे काय चालेल? आजच्या पद्धतीत 224 आमदार आणि चार जागा असतील, तर 45 पहिल्या पसंतीची मते मिळाली की जागा पक्की. लहान गट एकत्र आले, तर त्यांचाही माणूस दिल्लीला पोचतो. बाबासाहेब 1954 मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. तरी संसदेत अखेरपर्यंत त्यांचा आवाज राहिला तो याच दारामुळे. एवढ्या एका कारणासाठीही मी हे दार बंद करणार नाही.

खरी दुरुस्ती दुसरीकडे हवी. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उमेदवार त्याच राज्यातला मतदार असणे बंधनकारक होते. 2003 मध्ये ती अट काढली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. अटीचे विरोधक सांगतात की ती कागदावरच होती. भाड्याचे घर दाखवून नाव नोंदवले की झाले. शिवाय जाणकार मंत्री सभागृहात येण्याची सोय देशाला हवीच. दोन्ही मुद्दे खरे आहेत. कर्नाटकातून निवडून गेलेल्या निर्मला सीतारामन किंवा अजय माकन यांच्या योग्यतेविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती प्रतिनिधित्वाची. हुबळी-धारवाडची तहान मलप्रभेवर भागते, नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि कळसा-भांडुरा पाणीयोजनेचे घोडे गोव्याशी चाललेल्या म्हादई नदीच्या वादात वर्षानुवर्षे अडलेले आहे. गोव्याचे खासदार या प्रश्नावर गोव्यासाठी भांडतात, ते त्यांचे कर्तव्यच आहे. पण आमच्या बाजूने उभा राहणारा खासदार चार-चार दिवसांचे पाणी घरातल्या पिंपात भरून ठेवणाऱ्यांतला असावा, ही अपेक्षा जास्त आहे का?

अप्रत्यक्ष निवडणूक राहू द्या. पण राज्यात निदान पाच वर्षे खरोखर राहिल्याचा पुरावा उमेदवाराकडून घ्या. नुसती मतदार यादीतली नोंद पुरेशी धरू नका. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या आमदाराला विचारा: तुम्ही पहिली पसंती कोणाला दिलीत, आणि का?