आजारी मांजराची सेवा एकट्यावर नको

सातारा-सांगली हा जनावराला जीव लावणारा मुलूख आहे. माण-आटपाडीच्या दुष्काळात माणसांनी घर सोडून गुरांसोबत चारा छावणीत मुक्काम केला. बेंदराला बैलाची शिंगे रंगवून त्याला पुरणपोळी भरवली जाते आणि खिलार बैल दगावला तर त्या घराचे दुःख गावाला समजावून सांगावे लागत नाही. याच मुलखात मूत्रपिंड निकामी झालेले मांजर कोणी सांभाळत असेल, तर ‘मांजरच ना, दुसरं आणा’ असे सहज ऐकवले जाते. मात्र ही सेवाही कष्टाचीच आहे आणि ती घरातल्या एकाच माणसाच्या गळ्यात टाकली, तर माणूस आणि मांजर दोघांचेही हाल होतात.

म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार सर्रास आढळतो. तो बरा होत नाही, सांभाळावा लागतो. त्यात मांजर दुखणे लपवते. कपाटामागे बसून राहणे, अंग चाटणे सोडणे, पाणी जास्त पिणे यांवरूनच ओळखायचे. मग डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून सुईने सलाइन द्यायचे, बिनसुईच्या सिरिंजने पातळ अन्न थोडे थोडे भरवायचे, वजन लिहून ठेवायचे. काही दिवस पोटात अन्न गेले नाही, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक. कळवळून घरातली पॅरासिटामॉलची गोळी दिली, तर तीच विष ठरते. एवढी जोखीम रोज वाहणारा माणूस खचणारच. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठाच्या मेरी बेथ स्पिट्झनागेल यांनी 2017 मध्ये 238 पशुपालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे जनावर दीर्घ किंवा असाध्य आजाराने ग्रस्त होते, त्यांच्यात ताण, चिंता आणि नैराश्याची लक्षणे इतरांपेक्षा जास्त दिसली.

आपल्याकडे अंतराची भर पडते. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण जत-शिराळ्याहून मांजर घेऊन तिथे जायचे तर सगळा दिवस मोडतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांचा भर कृत्रिम रेतन, गाभण तपासणी आणि लाळ-खुरकुतच्या लसीवर असतो. दुधावर घरे चालतात, तेव्हा हा क्रम रास्तच आहे. तरीही आठवड्यातला एक ठरलेला दिवस कुत्र्या-मांजरांसाठी ठेवल्याने गाई-म्हशींचे काही अडणार नाही.

माणसांनाच औषध परवडत नाही, मग मांजरावर खर्च कशाला, असे विचारले जाते. प्रश्न खरा आहे. म्हणूनच खर्चाची मर्यादा घरात सगळ्यांनी मिळून आधी ठरवावी आणि ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. मर्यादा घातल्याने माया कमी ठरत नाही. दुसरा आक्षेप असा की, जीव तडफडत ठेवण्यापेक्षा त्याला सोडवावे. यात तथ्य आहे, पण ती वेळ कंटाळ्यावरून किंवा शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून ठरू नये. अमेरिकी पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी त्यासाठी सात कसोट्या दिल्या आहेत: वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का. रोज रात्री या सातांची नोंद ठेवली, तर उतरण कागदावर दिसते आणि डॉक्टरांशी बोलायला आधार मिळतो. ती नोंद पाहून इंजेक्शनने शांत मरण देण्याचा निर्णय घेतला, तर त्याला पाप म्हणू नये. तोही सेवेचाच भाग आहे.

घरात कोणी असे मांजर सांभाळत असेल, तर त्याला शहाणपण शिकवण्याआधी एक वेळचे भरवणे आपल्याकडे घ्या, दवाखान्यापर्यंत सोबत जा. आणि जिल्हा परिषदांनी तो आठवड्याचा एक दिवस जाहीर करावा.