सकाळची वाट पाहू नका

आजीला काल रात्री ताप आला. आज दुपारी ती तुम्हालाच विचारते, "तू कोण गं?" घरातले म्हणतात, वय झालं, तापात बरळतेय. तुम्ही मात्र तिच्याजवळ बसा. घड्याळ समोर धरा आणि मिनिटभर श्वास मोजा. तळपायाला हात लावा, गार पडलेत का बघा. सकाळपासून लघवीला गेली होती का, विचारा. श्वास भराभर चाललाय, पाय थंड आहेत, लघवी झालेली नाही, बोलणं असंबद्ध आहे, तर हा सेप्सिस असू शकतो. तो उजाडेपर्यंत थांबत नाही.

सेप्सिसची सुरुवात साधी असते. पायाची चिघळलेली जखम, लघवीची जळजळ, छातीतला कफ. तिथले जंतू रक्तात उतरतात. त्यांतल्या अनेकांच्या आवरणातच विष असतं. शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी 1892 च्या सुमारास कॉलऱ्याचे जंतू उष्णतेने मारून गिनीपिगना टोचले, तरी ते दगावले. जंतू मेला, विष उरलं! हे विष आपल्या पांढऱ्या पेशींना कसं कळतं, ते 1998 मध्ये शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांवरून दाखवलं. काही उंदरांत विष ओळखणारा जनुकच बिघडलेला होता. त्यांना विषाची बाधा होत नसे, पण जिवंत जंतूंपुढे ते टिकत नसत. म्हणजे पेशी जी आग पेटवतात ती आपल्या रक्षणासाठीच असते. ती आवरली नाही की सेप्सिस होतो: बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं काम सोडतात. आजीची लघवी थांबते ती यामुळे.

म्हणून मेडिकलमधून दोन गोळ्या आणून बघू, असं म्हणू नका. उद्या ओपीडीत दाखवू, असंही म्हणू नका. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. तिथे स्पष्ट विचारा, "डॉक्टर, हा सेप्सिस तर नाही ना?" विचारायला लाजू नका. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला पहिल्या तासात अँटिबायोटिक मिळावं, असं जगभरचे अतिदक्षता तज्ज्ञ सांगतात. तो तास तुमच्या घरातच संपू देऊ नका.

2017 या एका वर्षात जगभरात सेप्सिसने सुमारे 1 कोटी 10 लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. त्यांत पाच वर्षांखालची मुलं लाखोंनी होती.

तान्ह्या बाळाकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. ते रडूनही सांगत नाही. अंगावर पिणं सोडतं, हातपाय ढिले टाकतं, अंग गार पडतं. कधी मिनिटाला 60 हून जास्त श्वास घेतं. नाळेला राख, शेण, हळद काहीही लावू नका. नाळ कोरडी ठेवा. बाळंतिणीला ताप आला, अंगावरून जाण्याला घाण वास येऊ लागला, तर तिलाही त्याच दिवशी न्या. बाळंतपणात असं होतंच, म्हणून सोडून देऊ नका.

आणि आपल्या हातात काय आहे, असं म्हणू नका. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना बाळाचे श्वास मोजायला, धोका ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. ज्या 39 गावांत हे काम झालं, तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्या काही डॉक्टर नव्हत्या. त्या लक्ष ठेवत होत्या आणि वेळ दवडत नव्हत्या. आज आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, आत बोलवा, बाळ दाखवा.

आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या आजारी माणसाच्या पायाला एकदा हात लावून बघा. पाय गार लागले, धाप लागलेली दिसली, तर लगेच निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.