मोडायला एक फोन हवा

तुम्ही दिवसातले किती तास फोनवर असता, हे विचारायला आम्ही आलेलो नाही. ते काम घरी व्यवस्थित होत असतं. आमचा प्रश्न वेगळा आहे. इतकी वर्षं हातात असलेल्या त्या फोनमधले 'डेव्हलपर ऑप्शन्स' कधी उघडून पाहिलेत? एखाद्या अ‍ॅपची लोकेशनची परवानगी काढून घेतली तर ते गप्प बसतं की रुसून बंद पडतं, हे मुद्दाम तपासलंत? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असणार, आणि त्यात आळसाचा भाग कमीच आहे. त्याच फोनवर यूपीआय आहे, हॉल तिकीट आहे, सबमिशनचे फोटो आहेत. तो बिघडला तर दुसरा मिळायला थेट दिवाळी उजाडेल. अशा वस्तूशी कोण खेळणार?

म्हणून म्हणतो, कॉम्प्युटरवर एक फोन ठेवा, खास मोडण्यासाठी. त्याला एम्युलेटर म्हणतात.

हा शब्द आपल्यातल्या अनेकांपर्यंत पोहोचला तो पबजीमुळे. मोठ्या स्क्रीनवर, माउसने नेम धरता यावा म्हणून मुलांनी पीसीवर एम्युलेटर टाकले. ते गेमसाठी बनवलेले. आपण बोलतोय ते अँड्रॉइड स्टुडिओसोबत गूगल फुकट देते त्या एम्युलेटरबद्दल. तो अख्ख्या फोनचं सोंग घेतो. स्क्रीन, बॅटरी, जीपीएस, फिंगरप्रिंट, येणारे कॉल, सगळं खोटं. पण आत चालणारं अँड्रॉइड मात्र खरं. त्याला बिचाऱ्याला वाटतं, आपण खरोखरच कुणाच्या तरी खिशात आहोत.

यात कमीपणा वाटायचं कारण नाही. अँड्रॉइडची पहिली अ‍ॅप्सच मुळात अशी लिहिली गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलने अ‍ॅप बनवण्याची साधनं लोकांसमोर ठेवली आणि चांगल्या अ‍ॅप्ससाठी एकूण एक कोटी डॉलरची बक्षिसं जाहीर केली. गंमत म्हणजे तेव्हा बाजारात अँड्रॉइडचा एकही फोन नव्हता. पहिला फोन, टी-मोबाइल जी-वन, अमेरिकेत विकायला आला ऑक्टोबर २००८ मध्ये. मधले अकरा महिने प्रोग्रामर मंडळी बाजारात नसलेल्या फोनसाठी एम्युलेटरच्या खिडकीत बघून अ‍ॅप लिहीत होती. त्या एम्युलेटरच्या पोटात होतं क्यूईएमयू, फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर. आजही त्याच पायावर काम चालतं. 'आधी चांगला फोन घेतो, मग अ‍ॅप डेव्हलपमेंट शिकतो' असं म्हणणाऱ्या मित्राला हे जरूर सांगा.

आता खर्चाचं बोलू. फोन फुकट असला तरी कॉम्प्युटर लागतो, आणि तो जरा दमदार लागतो. गूगल १६ जीबी रॅम सुचवते. ८ जीबीवर चालतं, पण रडतखडत. मशीन अशक्त असेल तर अख्खा स्टुडिओ न उघडता कमांड लाइनवरून नुसता एम्युलेटर सुरू करता येतो, अँड्रॉइडची जुनी आवृत्ती आणि छोट्या स्क्रीनचा फोन निवडता येतो. डाउनलोड मात्र काही जीबींचं आहे, तेव्हा ते कॉलेजच्या वाय-फायवर उरकलेलं बरं.

खरी अडचण वेगळीच असते. पुष्कळ जण एम्युलेटर टाकतात, तो गोगलगायीसारखा चालतो किंवा सुरूच होत नाही, आणि 'आपला लॅपटॉप भंगार आहे' म्हणून विषय संपतो. विंडोजवर आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'व्हर्च्युअलायझेशन'समोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे 'डिसेबल्ड' दिसलं तर दोष लॅपटॉपचा नाही, बायोसमधल्या एका बंद बटणाचा आहे. इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' असतं, एएमडीवर 'एसव्हीएम'. फोनच्या चिपची भाषा एआरएम, बहुतेक लॅपटॉपची एक्स-८६. एकेका सूचनेचं भाषांतर करत बसलं की वेळ लागणारच. म्हणून एक्स-८६ साठी बनवलेलं अँड्रॉइड घ्यायचं आणि हे बटण चालू करायचं. मग भाषांतराची गरजच उरत नाही. कॉलेजच्या लॅबमध्येही हे बटण तपासून घ्यायला हवं. लॅब असिस्टंट सरांना गाठा. सिलॅबसमध्ये मोबाइल अ‍ॅपचा विषय ठेवायचा आणि लॅबमधली मशीन्स त्यासाठी तयार ठेवायची नाहीत, हे चालणार नाही, असं विद्यार्थ्यांनी नम्रपणे पण पुन्हा पुन्हा म्हणायला हवं.

एकदा फोन उभा राहिला की मजा सुरू. पहिल्यांदा मॅप उघडलात तर तुम्ही कॅलिफोर्नियात, गूगलच्या मुख्यालयाजवळ असाल. बाजूच्या पट्टीत आकडे बदला, क्षणात पंढरपूर. बॅटरी पाच टक्क्यांवर आणा. नेटवर्क 'एज'वर टाका, म्हणजे गावाकडच्या नेटवर्कची आठवण येईल. स्वतःलाच कॉल करा. काही बिघडवण्याआधी 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवा, की हवी तेवढी वाट लावून क्षणात मागे येता येतं.

आमच्या मते सगळ्यात जास्त शिकवणारा प्रयोग परवानग्यांचा. एक फोन २०१४ सालच्या अँड्रॉइड ५ चा बनवा, एक आत्ताचा. जुन्यात अ‍ॅप बसवतानाच परवानग्यांची लांबलचक यादी यायची. सगळं कबूल करा, नाहीतर अ‍ॅप विसरा. अँड्रॉइड ६ पासून अ‍ॅपला गरज पडेल तेव्हा एकेक परवानगी मागावी लागू लागली. ११ मध्ये 'फक्त या वेळेपुरती' आली, १२ मध्ये अचूक ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देण्याची सोय, १३ मध्ये नोटिफिकेशनसाठीही विचारणं भाग पडलं. पाच मिनिटांत कर्ज देणारं अ‍ॅप आपले सगळे कॉन्टॅक्ट्स का मागतं, हा प्रश्न पडायला हे दोन फोन शेजारी ठेवून बघणं पुरेसं आहे. मात्र मोडायचा म्हणजे कुठलीही संशयास्पद एपीके आणून त्यात ओतायची असा अर्थ नाही. एम्युलेटर तुमच्याच मशीनवर, तुमच्याच इंटरनेटवर चालतो. त्यात आपलं रोजचं ईमेल खातंही घालू नका.

आयफोनवाल्यांसाठी वाईट बातमी अशी की अ‍ॅपलचा सिम्युलेटर फक्त मॅकवर चालतो. तोही फोनच्या हार्डवेअरचं सोंग घेत नाही, अ‍ॅप थेट मॅकच्याच चिपवर चालवून दाखवतो. उलट फिनलंडच्या योल्ला कंपनीचं सेलफिश घ्या. त्याचा फोन आपल्याकडे शोधूनही सापडणार नाही, पण एम्युलेटर घरबसल्या मिळतो. अँड्रॉइड आणि आयओएसच्या पलीकडेही फोनचं जग असू शकतं, हे नुसतं वाचण्यापेक्षा तासभर त्यात बोटं फिरवून बघा. बोटं म्हणजे अर्थात माउस.

आणि तीच या प्रकरणाची मर्यादा. एम्युलेटर गरम होत नाही. उन्हात त्याची स्क्रीन काळी पडत नाही, घामाने ओला अंगठा त्याला कळत नाही, भरलेल्या ३२ जीबीच्या स्वस्त फोनची दमछाक त्याला माहीत नाही. त्याचा प्रोसेसर म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर, त्यामुळे त्यावर वेगाने पळणारं अ‍ॅप खऱ्या फोनवर रांगू शकतं. यूपीआयही विसरा; ते खऱ्या सिमला बांधलेलं असतं.

फायनल इयरला आलेल्यांना म्हणून एक आग्रहाचं सांगणं. प्रोजेक्टचा डेमो बहुधा ग्रुपमधल्या सगळ्यात महागड्या फोनवर, कॉलेजच्या वाय-फायवर, इंग्रजीत होतो. विषय मात्र शेतकरी, आशाताई किंवा अंगणवाडीचा असतो. परीक्षकांसमोर जाण्याआधी एम्युलेटरची भाषा मराठी करा, अक्षरं सगळ्यात मोठी करा आणि तुमचा फॉर्म उघडा. 'नोंदणी'मधली वेलांटी चौकटीत कापली जातेय का? 'पुढे जा'चं बटण स्क्रीनबाहेर गेलंय का? आता नेटवर्क एज करा, फॉर्म अर्धा भरा आणि मध्येच एक कॉल पाठवा. कॉल संपल्यावर भरलेली माहिती जागेवर आहे का, ते बघा. नसेल तर दुरुस्त करा, पुन्हा बघा, आणि मग घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात जुन्या फोनवर तेच अ‍ॅप टाकून तो फोन त्याच्या मालकाच्या हातात द्या. तुम्ही काही न सांगता दहा मिनिटं शेजारी बसा.